लाल चिठ्ठी, हिरवी चिठ्ठी

आमच्या मंडळाची बैठक सुरू होण्यापूर्वी, चहाचे पेले हाती येईपर्यंत जी पाच-दहा मिनिटे मोकळी मिळतात, तेवढ्यात एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी होते. कोणाचा मुलगा पुण्यास बँकेत, कोणाची सून अमेरिकेत, कोणाची नात यंदा दहावीला. माझी पाळी आली की थोरल्याविषयी मी सविस्तर सांगत असे. धाकटीविषयी मात्र ‘ती संगणकात आहे’ एवढे म्हणून चहाचा घोट घेत असे. हैदराबादेत हे उत्तर पुरते. पुढे कोणी विचारीत नाही. या उत्तराच्या आड मी जवळजवळ पाच वर्षे लपलो होतो, हे आज कबूल करावयास हरकत नाही.

धाकटी व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरीला होती. ‘यूजर इंटरफेस प्रोग्रॅमर’ असे तिचे पद. पस्तीस वर्षे राज्य सरकारची चाकरी केलेल्या माणसाला (आधी आंध्र प्रदेशाची, २०१४ नंतर तेलंगणाची) त्या पदनामातील पहिले दोन शब्द समजत नव्हते आणि ‘गेम’ हा शब्द चांगलाच समजत होता. इंजिनिअर झाल्यावर मुलीने स्पर्धा परीक्षांना बसावे, निदान एखाद्या जिल्ह्याची गाडी तिच्या दारात उभी राहावी, असे माझे स्वप्न होते. तिने २०१५ साली गच्चीबावलीच्या बाजूला ही नोकरी धरली आणि मला सांगितले, “बाबा, मी खेळ बनवणार आहे.” मी म्हणालो, “खेळण्याचं वय गेलं तुझं.” हे वाक्य विनोदाने बोललो असे मी पुढे अनेकदा स्वतःला समजावले. ते विनोदाने बोललो नव्हतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि तिचे कार्यालय काचीगुड्यातील आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसले. घरात तेवढीच जागा इंटरनेटला मानवत होती. दोन पडदे, एक कळफलक, हातात धरून खेळण्याचा एक कंट्रोलर. मी समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसे. पण वर्तमानपत्रात त्या दिवसांत वाचवेल असे फारसे काही नसे. मग मी तिच्या पडद्याकडे पाहू लागलो.

पाहावयास काही नव्हते, हीच पहिली नवलाची गोष्ट. राक्षस नाहीत, बंदुका नाहीत. करड्या भिंतींची एक रिकामी खोली, तीत चेहरा नसलेला एक मनुष्याकृती पुतळा आणि कोपऱ्यात एक आडवी पट्टी. ती पट्टी कमी होई, भरे, पुन्हा कमी होई. तिसऱ्या दिवशी मला राहवेना.

“अगं, गेले तीन दिवस ही एकच पट्टी कमीजास्त करते आहेस. यात खेळ कुठे आहे?”

“खेळ दुसरे लोक करतायत, बाबा. मी खेळाची खिडकी करते.”

‘खिडकी’ हा शब्द तिने सहज वापरला असेल. पण ज्याचा जन्म सरकारी कार्यालयातील खिडकीच्या आत गेला, त्याच्या कानाला तो लागल्यावाचून कसा राहील? मी वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणालो, “मला नीट सांग.”

तिने सांगितले ते माझ्या शब्दांत असे. खेळ चालू असताना संगणकाच्या पोटात शेकडो आकड्यांचा हिशेब चाललेला असतो. खेळाडूची शक्ती किती उरली, गोळ्या किती शिल्लक आहेत, कोणती किल्ली मिळाली, कोणते दार उघडले. हा हिशेब खेळाडूला दिसत नाही. त्यातले त्या क्षणी लागेल तेवढेच, लागेल त्या ठिकाणी, त्याचे लक्ष न मोडता त्याच्यापुढे ठेवायचे. आणि त्याने कळ दाबून जे मागितले ते बिनचूक आत पोहोचवायचे. चित्रकार बटणाचे चित्र काढून देतो, नियम ठरवणारा नियम ठरवतो. परंतु ते चित्र आणि तो नियम यांची गाठ घालून देणे हे इंटरफेस प्रोग्रॅमरचे काम. १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या जपानी खेळात पडद्याच्या माथ्यावर गुणसंख्या असे. आजच्या खेळात नकाशे, याद्या, दुकाने, संवाद, सूचना यांची दाटी असते. मूळ काम मात्र तेच. आतल्या माणसाचे बाहेरच्याला आणि बाहेरच्याचे आतल्याला कळवणे.

हे ऐकून मी म्हणालो, “म्हणजे तू आवक-जावक कारकून आहेस.” ती हसली. पण नाकारले नाही.

पुढच्या काही महिन्यांत या कामातील खाचाखोचा मला कळत गेल्या आणि माझ्या कार्यालयाची आठवण पावलोपावली येत राहिली. एक उदाहरण देतो. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रेखाटले जाते. म्हणजे एका चित्रासाठी सोळा-सतरा मिलिसेकंद, सेकंदाचा साठावा भाग. पापणी लवण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. या वेळेचा मोठा वाटा डोंगर, पाणी, उजेड, माणसे यांच्याकडे जातो. खिडकीच्या वाट्याला एक-दोन मिलिसेकंद आले तर पुष्कळ. नवशिका प्रोग्रॅमर काय करतो? प्रत्येक चित्रागणिक आतल्या हिशेबाला विचारतो, पैसे किती आहेत? आता किती? आता? सेकंदाला साठ वेळा. उत्तर बहुधा तेच असते, पण विचारण्यात वेळ जातो.

“तुमच्याकडे एखादा माणूस रोज येऊन ‘माझी फाइल कुठवर आली’ म्हणून विचारायचा, तेव्हा तुम्ही काय सांगायचात?” तिने विचारले.

“निर्णय झाला की कळवू.”

“तेच. पैसे बदलले की हिशेबाने पट्टीला कळवायचं. तोवर पट्टीने गप्प बसायचं.”

फरक इतकाच, की तिचा हिशेब खरोखर कळवीत असे. आम्ही ‘कळवू’ म्हणत असू आणि तो माणूस पुढच्या सोमवारी पुन्हा बाकावर येऊन बसलेला असे.

दुसरी गोष्ट ‘फोकस’ची. संगणकावर माउस असतो, बाण कोठेही नेता येतो. पण दिवाणखान्यात टीव्हीसमोर कंट्रोलर घेऊन बसलेल्या खेळाडूला बाण नसतो. त्याच्यासाठी पडद्यावरील अनेक बटणांपैकी नेमके एक, त्या क्षणी, उजळलेले असावे लागते. त्याच्या उजवीकडे गेले तर कोणते, खाली गेले तर कोणते, हे सारे आधी ठरवावे लागते. मध्येच ‘खेळ सोडायचा का?’ असा प्रश्न विचारणारी चौकट उघडते. ती मिटली की उजेड पूर्वीच्याच बटणावर परत यावा लागतो. तो परतला नाही, तर सगळी बटणे जागेवर दिसतात आणि एकही चालत नाही. खेळाडू हातातल्या कळा दाबत राहतो. त्याला वाटते, आपलेच काही चुकते आहे.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे कार्यालयातली मधली सुटी आली. जेवण करून परत आलेला लिपिक दुसरेच काम हाती घेतो आणि सुटीपूर्वी ज्याचा कागद घेतला होता तो म्हातारा खिडकीशी तसाच उभा राहतो. त्याच्याही मनात हेच, की आपलेच काही चुकले असणार.

तिच्या तोंडून या क्षेत्रातले जुने किस्सेही मी ऐकले. २००६ सालचा ‘डेड रायझिंग’ हा खेळ नव्या, अधिक रेखीव टीव्हीवर ठाकठीक दिसे. पण तेव्हा पुष्कळ घरांत जुनेच टीव्ही होते आणि त्यांवर त्यातली बारीक अक्षरे वाचता येईनात. याउलट २००८ सालच्या ‘डेड स्पेस’मध्ये शक्ती दाखवणारी पट्टी कोपऱ्यातून उचलून नायकाच्या पोशाखावर, पाठीच्या कण्याच्या रेषेत बसवली, खेळाडूची नजर तेथे असतेच, तिला वेगळे कोठे जावे लागत नाही. आणखी एक मौज. प्ले-स्टेशनच्या कंट्रोलरवर गोल आणि फुली अशा खुणांच्या कळा असतात. जपानात गोल म्हणजे बरोबर व फुली म्हणजे चूक; म्हणून तेथे ‘होय’साठी गोल दाबण्याची रीत होती, तर अमेरिकेत व युरोपात ‘होय’साठी फुली. एकच यंत्र, एकच खेळ, आणि ‘होय’ची कळ देशागणिक निराळी! २०२० साली आलेल्या पाचव्या प्ले-स्टेशनपासून जपानातही ‘होय’साठी फुली झाली. पंचवीस वर्षांची बोटांची सवय मोडताना तिकडच्या लोकांना काय वाटले असेल, ते खात्यात नवा नमुना आला की जुन्या लिपिकांचे काय होते हे पाहिलेल्या माणसास सांगावे लागत नाही.

या विषयात माझाही एकदा उपयोग झाला. २०२१ सालची गोष्ट. तिचा खेळ अनेक भाषांत निघावयाचा होता, त्यांत अरबीही होती. अरबी उजवीकडून डावीकडे जाते म्हणून संपूर्ण मांडणी आरशात पाहावी तशी उलटवावी लागते. डावीकडची यादी उजवीकडे, ‘पुढे’चा बाण उलट दिशेला, पट्टी उजवीकडून भरणारी. हे सारे तिने केले होते. अडले ते गोळ्यांच्या हिशेबावर. दहापैकी तीन गोळ्या उरल्या, हे तीन, तिरकी रेघ, दहा असे लिहिलेले असे. ते काही ठिकाणी नीट दिसे आणि काही ठिकाणी दहा आधी व तीन नंतर होऊन बसे. रेघेच्या दोन्ही बाजूंस मोकळी जागा सोडली की संगणक ते दोन आकडे निराळे धरून उजवीकडून मांडी. जागा सोडली नाही की सगळे मिळून एकच समजून डावीकडून.

आमच्या खात्याचा संबंध जमिनीच्या दप्तराशी. निजामाच्या काळातले दप्तर उर्दूत, म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका वयस्कर मुन्शींकडून मी ती लिपी वाचावयास शिकलो होतो. मी तिला म्हणालो, “उर्दूत अक्षरं उजवीकडून चालतात, पण आकडा डावीकडूनच वाचायचा. मुन्शीजी लिहिताना आकड्यापुरती जागा सोडून, तिथे डावीकडून आकडा भरून, पुन्हा पुढे जायचे.”

“आणि दहापैकी तीन असं लिहायचं असलं तर?”

“ते मी कसं सांगू? ज्याला वाचायचंय त्याला विचार.”

तिने खरोखरच अरबी वाचणाऱ्या तपासनिसाला विचारले. दोघांनी मिळून रेघच काढून टाकली. उरलेल्या गोळ्यांचा आकडा मोठा, एकूण गोळ्यांचा त्याच्याखाली लहान. डावे-उजवे हा प्रश्नच उरला नाही. ‘ज्याला वाचायचंय त्याला विचार’ या माझ्या वाक्याचा मला पुढे अनेक दिवस अभिमान वाटत होता. मंडळाच्या बैठकीत मी प्रथमच, कोणी न विचारता, धाकटीच्या कामाविषयी बोललो.

या धंद्याचे गोडवेच गावेत असा हेतू नाही. खेळ निघावयाची तारीख जवळ आली की रात्री बाराच्या पुढे तिच्या टेबलावरचा दिवा जळत असे. परदेशातील सहकाऱ्यांचा दिवस सुरू होई तेव्हा आमच्याकडे निजानीज झालेली असे. आणि एवढे करूनही तो अरबीचा खेळ बाजारात आलाच नाही. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या व्हिडिओ गेम व्यवसायात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, अनेक स्टुडिओ मिटले. त्या लाटेत २०२३ च्या शेवटी तिचा खेळ बंद करण्यात आला आणि तीही घरी बसली. चार वर्षांचे काम. ज्या पट्टीसाठी तिने तीन दिवस घालवले होते ती पट्टी कोणा खेळाडूने कधीच पाहिली नाही. मी तिचे समाधान करावे म्हणून म्हणालो, “आमचेही किती अहवाल कपाटात राहिले.” ती म्हणाली, “तुमचे निदान कपाटात आहेत, बाबा. माझं काम घरी ठेवायचीही परवानगी नाही.” यावर मला बोलता आले नाही.

चार महिन्यांनी तिला दुसऱ्या स्टुडिओत काम मिळाले. तेथे आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याची मुभा होती, त्यामुळे टेबल पुन्हा भरले. आणि २०२४ च्या पावसाळ्यात एका दुपारी, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, ती गोष्ट घडली.

तिच्या दोन्ही पडद्यांवर एकच नकाशा होता. डावीकडच्या नकाशावर काही हिरवे ठिपके आणि काही लाल. हिरवे आपले, लाल शत्रूचे. उजवीकडच्या नकाशावर तेच ठिपके, पण सगळे एकाच मातकट पिवळ्या रंगाचे.

“याचा रंग उडालाय,” मी म्हणालो.

“उडाला नाही. ज्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही, त्याला असंच काहीसं दिसतं. ते तपासायची सोय आहे आमच्याकडे.”

मग तिने समजावले. हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि आईकडून येणाऱ्या गुणसूत्राशी बांधलेला असल्यामुळे पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारांमागे साधारण एक. अशी माणसे आंधळी नसतात, वाचतात, लिहितात, वाहन चालवतात. दोष आहे हे सांगितल्याशिवाय दुसऱ्याला कळत नाही. म्हणून खेळातली कोणतीही महत्त्वाची गोष्ट केवळ रंगावर सोडायची नाही. २०२० साली निघालेल्या ‘द लास्ट ऑफ अस : भाग दोन’ या खेळात दृष्टी, श्रवण, हातांची हालचाल यांत उणे असलेल्यांसाठी साठाहून अधिक सोयी होत्या, तेव्हापासून या गोष्टींकडे सारा व्यवसाय अधिक गांभीर्याने पाहू लागला.

“रंग एकटा ठेवायचा नाही, बाबा. सोबत आकार हवा, नाहीतर अक्षर हवं. शत्रूला त्रिकोण, आपल्याला गोल. बस, एवढंच.”

ती पुढेही काही बोलत होती. पण मी त्या मातकट ठिपक्यांकडे पाहत होतो आणि माझ्यापुढे १९९६ साल उभे राहिले होते.

त्या साली मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी एका शाखेचा प्रमुख होतो. ते कार्यालय कोणते याचा येथे संबंध नाही; दोष कार्यालयाचा नव्हता. फायलींचा ढीग उपसत नाही म्हणून मी एक युक्ती काढली. तीन दिवसांत निकालात काढावयाच्या फायलीला लाल चिठ्ठी, नेहमीच्या फायलीला हिरवी. कागद रंगीत, त्यावर लिहावयाचे काही नाही. लांबूनच दिसावे, वाचण्यात वेळ जाऊ नये. वरिष्ठांनी या पद्धतीची तारीफ केली, शेजारच्या शाखेने ती उचलली.

शाखेत एक कनिष्ठ सहायक होता. अक्षर मोत्यासारखे, वेळेचा पक्का. पण लाल चिठ्ठीची फाइल त्याच्या टेबलावर आठवडा-आठवडा पडून राही आणि हिरवीची फाइल तो संध्याकाळी उशिरापर्यंत बसून पुरी करी. मी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा सर्वांसमक्ष विचारले, “लाल-हिरवं कळत नाही का तुम्हाला?” तो खाली मान घालून उभा राहिला. मी त्याला लेखी ताकीद दिली आणि वर्षअखेरीस त्याच्या गोपनीय अहवालात ‘कामात निष्काळजी’ असा शेरा मारला. पुढल्या वर्षी माझी बदली झाली. अठ्ठावीस वर्षांत तो शेरा मला एकदाही आठवला नव्हता.

जुन्या सहकाऱ्यांकडे विचारत विचारत त्याचा पत्ता मिळाला. तोही निवृत्त होऊन हैदराबादेतच, दिलसुखनगरला मुलाकडे राहत होता. आमच्या घरापासून फार लांब नाही. मी मोसंब्या घेऊन गेलो. त्याने मला लगेच ओळखले, “या सर,” म्हणाला, आणि मी बसेपर्यंत उभाच राहिला. आमचे बोलणे तेलुगूत झाले, ते येथे मराठीत देतो.

इकडचे तिकडचे झाल्यावर मी धाकटीच्या कामाविषयी सांगितले. नकाशा, ठिपके, उजवीकडचा पडदा. तो ऐकत होता. मग मी विचारले, “तुम्हाला लाल आणि हिरवं वेगळं दिसतं का?”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. आतल्या खोलीत त्याची पत्नी भाजी निवडत होती. तिकडे पाहून तो हसला. “टोमॅटो पिकला की नाही, ते मी दाबून बघतो, सर. रंग ती सांगते.”

त्याला स्वतःला हे विसाव्या वर्षापासून ठाऊक होते. सैन्यात भरती होण्यास गेला असता ठिपक्यांचे पुस्तक पुढे ठेवले गेले. इशिहारा या जपानी नेत्रवैद्याने १९१७ साली प्रसिद्ध केलेली ती पाने. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत दडलेला आकडा ओळखावयाचा. त्याला आकडे दिसले नाहीत. तेव्हापासून त्याने ही गोष्ट कोणास सांगितली नव्हती. सरकारी नोकरीही जाईल, असे त्याला वाटे.

“त्या शेऱ्यामुळे काय झालं?” मी विचारले.

“बढती दोन वर्षं लांबली. मग झाली.” एवढेच. आवाजात कडवटपणा नव्हता, असता तर मला सोपे गेले असते.

“मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं. सर्वांसमोर विचारलं होतं.”

“विचारलं होतं, सर,” तो म्हणाला. “पण ते विचारणं नव्हतं.”

मी क्षमा मागितली. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि ‘असं नका बोलू, सर’ म्हणत राहिला. मला बोलणे पुरे करू दिले नाही. चहा झाला. निघताना त्याने मला मेट्रोच्या जिन्यापर्यंत पोहोचवले.

घरी येऊन हे सर्व मी धाकटीला सांगितले. ती रागावेल, निदान काही बोलेल, असे वाटले होते. ती म्हणाली, “खेळ तपासताना आम्ही एक माणूस खेळायला बसवतो आणि त्याच्या मागे नुसते उभे राहतो, बाबा. तो अडला तरी सांगायचं नाही. कुठे अडतो ते लिहून घ्यायचं. पहिल्या वेळी मला फार राग यायचा. एवढं मोठं बटण आहे, दिसत कसं नाही याला? मग आमच्या बाई म्हणाल्या, त्याला दिसत नाही याचा अर्थ ते तिथे नाही.”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला असंख्य प्रशिक्षणांना पाठवण्यात आले. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाने बाहेरच्याच्या मागे जाऊन नुसते उभे राहावे, हे त्यांपैकी एकातही सांगितलेले नव्हते. आणि सांगितले असते, तरी मी ते खेळणाऱ्या पोरांचे म्हणून सोडून दिले असते. ‘ज्याला वाचायचंय त्याला विचार’ हे मी तिला सांगितले ते खरेच होते. पण त्या सहायकाला माझी चिठ्ठी वाचावयाची होती, आणि मी त्याला विचारले नव्हते. मी त्याला दटावले होते.

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर रंगीत पट्ट्या लावलेल्या आहेत. संदर्भाची, घरी न न्यावयाची पुस्तके लाल, देवघेवीची हिरवी. ही योजनाही, ओळखलेच असेल, माझीच. गेल्या दिवाळीनंतर तीन दुपारी बसून मी प्रत्येक लाल पट्टीवर काळ्या शाईने ‘सं’ आणि प्रत्येक हिरव्या पट्टीवर ‘दे’ असे लिहून काढले. ग्रंथपाल म्हणाले, “रंग आहेत की हो, मग अक्षरं कशाला?” मी त्यांना कारण सांगितले. तेव्हा कपाटाशी उभे असलेले आमचे एक जुने सभासद, ज्यांना मी तीस वर्षे ओळखतो, हळूच म्हणाले, “बरं केलंत. मी आपला दर वेळी विचारून नेत होतो.”

धाकटीला हे कळल्यावर ती खूश झाली. खेळ बाजारात गेल्यावर त्यातल्या चुका सुधारून मागाहून जी दुरुस्ती पाठवतात, तिला त्यांच्यात ‘पॅच’ म्हणतात. “तुमचा पहिला पॅच, बाबा,” ती म्हणाली.

पॅच ग्रंथालयापुरता झाला. १९९६ सालच्या त्या गोपनीय अहवालात, तो अजून कोठे शिल्लक असेल तर, माझ्या सहीचा शेरा तसाच असणार.

आता मंडळात कोणी धाकटीविषयी विचारले की मी पेला खाली ठेवतो आणि ती काय करते ते सांगतो.